अंगठ्याखालची ओळ

देवराव वाचू लागला की आधी ऐकू येतो तो त्याचा श्वास, आणि मग कागदावरून सरकणाऱ्या अंगठ्याचा कोरडा, खरखरीत नाद. कडबा वाळत घातलेल्या अंगणातून दुपारचा वारा जावा तसा. इतर माणसे ओळीखाली तर्जनी धरतात. देवराव अंगठा धरतो. रुंद, चपट्या नखाचा, सुतळीने पेराशी चिरत गेलेला तो अंगठा अक्षराच्या पायाशी येऊन थांबतो, किंचित दबतो, आणि ते अक्षर ओठांवर उमटल्याची खात्री पटली की पुढच्या अक्षराकडे निघतो. परक्या गावात शिरलेला माणूस प्रत्येक दाराशी थबकून घर विचारत जातो, तसे त्याचे वाचणे. बोट का धरत नाहीस, असे मी त्याला एकदा विचारले होते. तो हसला, अंगठा माझ्या डोळ्यांसमोर नाचवला आणि म्हणाला, "यानंच घात केला जी माहा. म्हनून पह्यले यालेच शाळेत घातलं."

मीही हसलो. हसणे भाग होते. कारण त्या घातात आणखी एका हाताचा वाटा होता, आणि तो हात अंगठा उठवणारा नव्हता. सुरेख, वळणदार सही करणारा होता. तो हात माझा.

मी मार्केट यार्डातल्या एका गूळ-भुसाराच्या गाळ्यावर दिवाणजी आहे. आमच्या गाळ्यांच्या ओळीत सकाळचा उजेड सरळ कधी येतच नाही. तो पत्र्यांच्या फटींतून तिरपा उतरतो आणि तांदळाच्या, डाळीच्या, पोत्यांतून उडालेल्या धुळीत असा काही अडकून राहतो, की माणसे त्यातून चालताना पाण्यातून चालल्यासारखी दिसतात. त्या उजेडातला देवराव मला आजही दिसतो. वाशीमकडून पोटासाठी आलेला, पाठीने रुंद, आवाजाने मोठा आणि पायाने अस्वस्थ. होय, पायानेच. तो कुठे उभा राहिला, टेकला, चहाचा कप हातात घेतला, तरी त्याचा उजवा पाय आतल्या आत चालत राही. वासराला खुंट्याशी बांधावे आणि त्याच्या मनातले रान मात्र सुटेच असावे, तसा तो पाय. "देवराव, जरा बसा की नीट," आमचे शेठ चष्म्यावरून पाहत म्हणत, "तुमच्या पायानं माझा काटा हलतो. गिऱ्हाईक म्हणेल, हमाल थरथरला की किलोभर कमी." देवराव म्हणे, "मंग वाढवून देतो ना शेठ, दुसरा पाय हालवतो."

त्याला अक्षरओळख नव्हती, पण पोती तो अचूक ओळखी. पोत्यांवर मार्का असतो. कुणाचा हत्ती, कुणाचा पोपट, कुणाचे कमळ. देवरावासाठी सारा व्यापार म्हणजे एक प्राणीबाग होती. "तीन पोपट तिकडे टाकले, हत्ती इथंच हाये," असा त्याचा हिशेब. मार्क्याखाली गावाची, व्यापाऱ्याची नावे छापलेली असत. त्यांच्याकडे तो कधी पाहत नसे. माणूस आकाशातल्या ढगांकडे रोज पाहतो आणि काही वाचत नाही, तसा.

आणि त्याचा हूक. पोते ओढायचा लोखंडी हूक प्रत्येक हमालाचा स्वतःचा असतो. दुसऱ्याचा कुणी हातात धरत नाही, जसा दुसऱ्याचा चष्मा कुणी घालत नाही. देवरावाच्या हुकाच्या लाकडी मुठीवर हिरव्या लुगड्याची चिंधी गच्च गुंडाळलेली होती. लुगडे त्याच्या बायकोचे, सिंधूचे. तळहाताच्या घामाने ती चिंधी काळपट झाली होती, पण काठाचा पिवळा धागा कुठेतरी अजून चमके. संध्याकाळी काम संपले की हमाल आपापले हूक आमच्या गाळ्यातल्या दांडीवर टांगून जात, आणि शटर ओढून कुलूप मी लावी. किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली असे. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास आमच्या ओळीतल्या एका गुदामाचा राखणदार सकाळी पोत्यांच्या थप्पीआड मरून पडलेला सापडला. जखम हुकाची आहे, असे बोलले गेले. आदल्या दिवशी उतरत्या उन्हात त्याची आणि देवरावाची जुंपली होती. राखणदार सिंधूवरून काही वेडेवाकडे बोलला होता आणि देवरावाने साऱ्या ओळीदेखत त्याची गचांडी धरली होती. एवढे पुरेसे होते. दुपारच्या आत पोलीस देवरावाला घेऊन गेले.

आता जे सांगायचे, ते आमच्या ओळीबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमच्याकडे पंचांची पाळी असे. पोलिसांना कोणत्याही कामासाठी साक्षीला दोन पंच लागतात, आणि व्यापारी माणसाला गाळा सोडून जायला सवड नसते. म्हणून गणपतीतल्या आरतीसारखी गाळ्यागाळ्यांनी ती जबाबदारी वाटून घेतली होती. चौकीवरून निरोप आला की ज्याची पाळी त्याचा दिवाणजी जायचा, चहा घ्यायचा, सही करायचा, परतायचा. कुणी त्याला लबाडी म्हणत नसे. शेजारधर्म म्हणत. त्या आठवड्यात पाळी आमची होती. शेठ म्हणाले, "जा दिवाणजी. तुमचं अक्षर मोत्यासारखं. चार मोती पोलिसांनाही द्या."

पाडव्याच्या गुळाच्या गाड्या दारात उभ्या होत्या. मला घाई होती. चौकीत दोन कागद लिहून तयार होते. एकात देवरावाचे निवेदन, की हूक मी लपवून ठेवला आहे आणि काढून देतो. दुसऱ्यात पंचनामा, की पंचांसमक्ष आरोपीने पुढे चालत जाऊन गटाराच्या भिंतीमागून हूक काढून दिला. मी कुठेही चालत गेलो नव्हतो. मी बाकावर बसलो होतो. वाचायला म्हणून मी पहिला कागद उचललाही, पण हवालदार म्हणाला, "अहो दिवाणजी, वाचत बसलात तर तिकडं गूळ वितळेल." मला हसू आले, आणि मी सही केली. मोती दिले.

कोपऱ्यात जमिनीवर देवराव बसला होता. त्याचा अंगठा हवालदाराने पेराशी धरला, शाईच्या गादीवर फिरवला, कागदावर टेकवला आणि पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवून दिला. वापरून झालेली वस्तू जागेवर ठेवावी तसा. त्याने माझ्याकडे पाहिले. मी आलो म्हणून त्याला धीर आल्यासारखे वाटले. त्याचा पाय थांबलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

कागदांवर नेमके काय आहे हे मला कोर्टात कळले. सरकारी वकिलांनी एक हूक वर धरला. त्याची मूठ उघडी होती. लाकूड स्वच्छ दिसत होते. हाच हूक आरोपीने तुमच्यासमक्ष काढून दिला काय? खिडकीतून आलेला वैशाखाचा उजेड त्या लोखंडावर पांढरा होऊन थरथरत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची दांडी होती, तिच्यावर हिरव्या चिंधीचा हूक होता, जसाच्या तसा, सकाळीच मी पाहून आलेला. ज्या रात्री राखणदार मेला त्या रात्रीही तो माझ्याच कुलपाआड होता. नाही म्हणालो तर सही खोटी ठरत होती, आणि सही माझी होती. मी म्हणालो, "होय." माझ्या आयुष्यात मी उच्चारलेला तो सर्वांत लहान शब्द, त्याची लांबी अजून संपलेली नाही.

देवराव पिंजऱ्यातून ओरडला की माहा हूक दुकानात हाये. आरोपी असे ओरडतातच. नंतर त्याचे म्हणणे नोंदवले गेले तेव्हा ते सगळे ओरडणे, ती चिंधी, ते लुगडे, ती दांडी, एका शब्दात मावले: नाकबूल. त्याला जन्मठेप झाली आणि तो येरवड्याला गेला. काही दिवसांनी शेठ म्हणाले, तो हूक भंगारात द्या. मी तो पिशवीत घालून घरी नेला आणि माळ्यावर ठेवला. का, ते मला तेव्हा सांगता आले नसते. फेकायचे धैर्य नव्हते आणि दाखवायचेही नव्हते. अशा माणसांची घरे माळ्यांनी भरलेली असतात.

तुरुंगातला देवराव मी पाहिलेला नाही. तो मला त्याच्याकडून आणि माझ्या झोप न येण्यातून मिळाला आहे. पांढरे कपडे, पांढरी टोपी, भिंतीच्या आत उभ्या असलेल्या लिंबाची सावली, आणि त्या सावलीत भरणारा साक्षरतेचा वर्ग. शिकवणारा कैदीच होता, त्याला सगळे गुरुजी म्हणत. देवराव पहिले काही महिने वर्गात नुसता भांडला. पाटी फोडली. "या वयात कायले जी, पोपट-हत्तीवर चाललं ना माहं," असे म्हणून उठून गेला. पण गुरुजींनी एक दिवस फळ्यावर आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली एकेक अक्षर लिहीत गेले, आणि देवरावाला त्यात एकदम आमच्या गाळ्यातली दांडी दिसली. "अक्षरं टांगेल असतेत जी दिवाणजी," तो मला पुढे म्हणाला, "दांडीले हूक टांगावा तशी. मी म्हनलं, हे तं माह्या ओळखीचं हाये." इतकी वर्षे मी अक्षरांत राहिलो, माझे पोट अक्षरांवर, मला ती दांडी कधी दिसली नव्हती.

पुढे त्याला वाचनाचे वेड लागले आणि शहाणपण मात्र फारसे लागले नाही; हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी त्याचा संत करीन. तो वर्तमानपत्रासाठी मारामाऱ्या करी. ज्याला वाचता येत नाही त्याला हिणवी. गुरुजींच्या चुका काढी आणि स्वतःच्या झाकी. रात्रंदिवस हलणारा तो पाय फक्त वाचताना थांबे. जणू सगळी चाल पायातून निघून अंगठ्यात आली होती. आणि एका थंडीत, पौषाच्या कोवळ्या उन्हात पाठ शेकत बसला असता, त्याने आपल्या खटल्याचे कागद उघडले. अंगठा ओळीखाली धरून तो अर्धा दिवस एकाच पानावर होता. "लाकडी मूठ उघडी," हे त्याने पंचनाम्यात वाचले. आणि मग दुसऱ्या कागदावर, निवेदनाच्या अगदी तळाशी, त्याच्या स्वतःच्या अंगठ्याच्या निळ्या ठशाच्या वर, छापाच्या मजकुरासारखे सवयीने लिहून टाकलेले एक वाक्य: वरील निवेदन मी वाचून पाहिले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

तो म्हणतो, मी इतका हसलो की पहारेकरी धावत आला.

मग त्याने अर्ज लिहिला. कुणाकडून लिहवून घेतला नाही. पहिल्या वेळी त्याचे बोलणे दुसऱ्याच्या हातून कागदावर गेले होते आणि वाटेत एक शब्द होऊन बसले होते; या वेळी चिंधी चिंधीच राहिली, लुगडे हिरवेच राहिले. अर्ज मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका तरुण वकीलबाईंकडे गेला, आणि त्या एका दुपारी आमच्या गाळ्याच्या पायरीशी उभ्या राहिल्या. मुठीला हिरवी चिंधी बांधलेला हूक तुम्ही पाहिला होता का, हे त्यांनी विचारले. शेठ समोर होते. मी म्हणालो, "आठवत नाही." त्या गेल्यावर शेठ हिशेबातून मान न उचलता म्हणाले, "बरं केलंत. दळलेलं पीठ पुन्हा जात्यात घालू नये."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. लिहिता लिहिता पाहिले तर माझा उजवा पाय टेबलाखाली हलत होता.

शेवटी मी तुरुंगातल्या मुलाखतीचा अर्ज केला आणि येरवड्याला गेलो. मला वाटते, त्याने मला शिव्या द्याव्यात म्हणून गेलो. काचेपलीकडे तो येऊन बसला, फोन कानाला लावला आणि मला नीट न्याहाळून म्हणाला, "वजन वाढलं दिवाणजी तुमचं. काटा बराबर हाये ना?" माझ्या मागच्या भिंतीवर सूचना लावली होती, ती त्याने माझ्या खांद्यावरून, एकेक अक्षर तोडत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचली, "मो-ठ्या-ने बो-लू न-ये." शेजारचे लोक वळून पाहू लागले. तो खूश झाला. मग एकदम आवाज उतरवून त्याने विचारले, "माहा हूक हाये काय जी?"

मी म्हणालो, "आहे."

"मंग सांगा ना त्यायले."

मी म्हणालो, इतके दिवस गप्प का होतास असे विचारतील. खोटी साक्ष दिली म्हणून मलाच इकडे आणतील. तो बराच वेळ फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला. "ते तुमचं तुमी पाहा दिवाणजी," तो म्हणाला, "माहं मी पाह्यलं."

एवढे सोपे होते. आणि तरी मी गेलो नाही. आंब्याच्या पेट्या आल्या आणि गेल्या, दिवाळीनंतरचा नवा गूळ आला, ढेपांवर गांधीलमाश्या घोंगावू लागल्या, आणि मी रोज उद्या जाईन म्हणत राहिलो. मला तुरुंगाची भीती वाटत होती. ज्या भिंतीआड एक निरपराध माणूस माझ्या सहीने बसला होता, तीच भिंत मला अपराध्यासाठी फार कठोर वाटत होती. त्या माझ्या गप्प वर्षात सिंधू वारली, तिकडे माहेरी, साध्या तापाने. देवरावाला ते तुरुंगात कळले. मला ते हमालांकडून कळले, पोत्यांची मोजणी चालू असताना, आणि मी मोजणी चुकलो नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, पण ते खरे आहे.

नंतर पुन्हा आमची पाळी आली. तशीच चौकी, नवा हवालदार, चहाचा तसाच पेला. कोपऱ्यात जमिनीवर कुणी अनोळखी माणूस बसला होता. त्याचा अंगठा पेराशी धरून शाईवर फिरवला जात होता. मी कागद उचलला आणि म्हणालो, "आधी वाचतो." हवालदार म्हणाला, "का, उद्या परीक्षा आहे?" मी वाचले. त्यातही आम्ही पंच कुठेतरी चालत गेलो होतो. मी म्हणालो, "ही जागा दाखवा. बघतो, मग सही करतो." हवालदाराने पेनाला टोपण लावले. सही न करता मी उठलो, घरी गेलो, शिडी लावून माळ्यावर चढलो, आणि पिशवी घेऊन थेट वकीलबाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी हूक टेबलावर ठेवला, चिंधीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आठवलं का आपल्याला?" त्या म्हणाल्या. एवढेच. पण ते 'आपल्याला' मला चाबकासारखे लागले.

हायकोर्टात माझी साक्ष पुन्हा झाली. दांडी, कुलूप, किल्ली, बाक, चहा, सगळे मी सांगितले. न्यायमूर्तींनी जे शब्द मला उद्देशून काढले ते माझे मलाच राहू देत. माझ्यावर कारवाईची नोटीस येईल म्हणतात, अजून आलेली नाही. दारावर कुणी वाजवले की मी आधी उठतो. येऊ दे, असेही कधी कधी वाटते. शेठनी मला काढले नाही. "आता निदान तुमची सही खरी समजतील," एवढे म्हणाले. आणि देवराव सुटला.

सुटल्यावरचा देवराव म्हणजे शहरभर फिरणारा एक उच्चार होता. तो काही दिवस इथेच, जुन्या हमालांच्या खोलीवर राहिला आणि उन्हातान्हात पायी पुणे वाचत सुटला. दुकानांच्या पाट्या, बसच्या पाट्या, मेट्रोच्या खांबांवरच्या जाहिराती, श्रद्धांजलीचे फलक, वाढदिवसांचे फलक. एका फाटकावर 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही' असे लिहिलेले वाचून तो रस्त्यातच पोट धरून बसला. "इथले लोक भांडन बी लेखी करतेत बाप्पा!" त्याचा पाय पुन्हा हलू लागला होता. पाटी संपली की त्याला दुसरी हवी असे. मधल्या कोऱ्या भिंतीजवळून तो घाईने, जवळजवळ घाबरून जाई.

त्याची मुलगी वैशाली हिंजवडीला नोकरी करते. तो आत गेला तेव्हा ती पाटीवर अक्षरे गिरवत होती; मामाने वाढवले, शिकवले. तिला भेटायला तो मला बरोबर घेऊन गेला. काचेच्या त्या इमारतींखाली उतरल्यावर त्याने सवयीने मान वर केली, ओठ हलवले, आणि थांबला. सगळ्या पाट्या इंग्रजी होत्या. तो एका इमारतीकडून दुसरीकडे पाहत राहिला. कंपन्यांच्या बसगाड्या आमच्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. "घ्या," तो म्हणाला, "परत आंगठा झालो."

वैशाली आली. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले आणि काय करायचे ते दोघांनाही येईना. मग त्याने तिच्या गळ्यातले ओळखपत्र हातात घेतले. "यात माहं नाव हाये काय?"

"पूर्ण नाहीये बाबा," ती म्हणाली. "इनिशियल आहे फक्त. हे बघा, हा डी. डी म्हणजे तुम्ही."

त्याने त्या एका अक्षराखाली अंगठा ठेवला. ते कोणत्याही दांडीला टांगलेले नव्हते. एकटेच उभे होते, पोट पुढे काढून. तो इतका वेळ तिथे थांबला, की ती हळूच म्हणाली, "बाबा, मला आत जायचंय," आणि तरी तिने कार्ड ओढून घेतले नाही. त्या थोड्या क्षणांत त्याचा पाय स्थिर होता.

गावी परतण्याआधी तो गाळ्यावर आला. बाजाराला सुटी होती. अर्ध्या उघड्या शटरखालून दुपारचे ऊन एका पट्ट्यासारखे आत आले होते आणि त्यात धूळ न बसता तरंगत होती. हूक कोर्टात मी हजर केला म्हणून परतही मलाच मिळाला होता, आणि मी तो त्याच्या जुन्या जागी टांगून ठेवला होता. त्याने तिकडे पाहिले, पण आधी पिशवीतून पंचनाम्याची नक्कल काढली, माझ्यासमोर ठेवली आणि पोत्यावर बसला. "वाचा जी. मोठ्यानं."

मी वाचू लागलो. माझे वाचन चांगले आहे असे लोक म्हणतात. त्या दिवशी प्रत्येक शब्दाचे वजन होते आणि प्रत्येक शब्द मला एकट्याने उचलायचा होता. आरोपी पुढे, त्यामागे आम्ही पंच. गटाराची भिंत. लाकडी मूठ उघडी. शेवटी, माझ्या सुंदर सहीच्या वर, ते वाक्य आले: पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे. मी थांबलो. देवराव उठला, माझ्याजवळ आला आणि त्याने त्या ओळीखाली आपला अंगठा ठेवला, त्याच्या गुरुजींनी त्याच्यासाठी बोट ठेवले असेल तसा. "थांबू नका," तो म्हणाला. "थांबलं का अक्षर पयून जाते."

मी ती ओळ वाचली.

"आता वाचून पाह्यलं तुमी," तो म्हणाला. "आता सही करा म्हनलं, तं करसान काय?"

"नाही."

"मले तवा वाटलं होतं," तो कागदाची घडी घालत म्हणाला, "का तुमी वाचलं असन. वाचनारा मानूस सही करते, म्हंजे बराबरच असन. म्हनून मी आंगठा देल्ला." त्यात राग नव्हता. राग असता तर मला कुठेतरी टेकायला जागा मिळाली असती. क्षमाही नव्हती, मी मागितली नाही, आणि त्याने ती देऊन मला मोकळे केले नाही.

मग तो दांडीपाशी गेला. हूक हातात घेतला, तोलला. मला वाटले, घेऊन जाईल. पण त्याने उन्हाच्या पट्ट्यात उभे राहून मुठीवरची चिंधी सोडवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांच्या घामाने ती लाकडाला चिकटली होती. तो नखाने, हळूहळू, जखमेवरची पट्टी काढावी तशी ती उलगडत गेला. आतला पदर अजून हिरवागार होता. त्याने तिची लहानशी घडी केली, वरच्या खिशात ठेवली, हूक पुन्हा दांडीवर टांगला आणि शटरखालून वाकून बाहेर पडला. जाताना ओळीतल्या पाट्या वाचत गेला. बराच वेळ त्याचा आवाज येत होता, मग येईनासा झाला.

हूक अजून तिथेच आहे. लोखंडी, लाकडी मूठ उघडी. मी ज्याच्याखाली न वाचता सही केली, ते वर्णन इतक्या वर्षांनी अक्षरशः खरे झाले आहे, आणि ते खरे व्हायला एक बाई, एका मुलीचे बालपण आणि एका माणसाची सारी उमेद खर्ची पडली. आता बँकेत, टपालात, कुठेही सही करण्याआधी मी मोठ्याने वाचतो. मागचे लोक घड्याळ बघतात, चुकचुकतात. मी घाई करू शकत नाही. ओळीखालून एक अंगठा चाललेला असतो, तो माझा नसतो. आणि जो माणूस निघून गेला त्याच्या चालीनेच आता उरलेला काळ मला वाचावा लागतो.